पॅलेस्टाईनच्या तंट्याचे दप्तरी मूळ

अरब आणि ज्यू यांचे वैर हजारो वर्षांचे आहे, हे विधान पॅलेस्टाईनच्या भूमीत रक्त सांडले की हमखास ऐकू येते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने दक्षिण इस्राएलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार, ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी प्राणास मुकले. तेव्हाही हेच विधान वर्गात, कचेरीत आणि आगगाडीच्या डब्यात पुन:पुन्हा केले गेले. ते सोयीचे आहे. वैर पुराणकाळापासून चालत आले असे मानले की त्याचा हिशेब कोणालाच द्यावा लागत नाही. परंतु इतिहास या विधानाला दुजोरा देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद आणि तिबेरियस या नगरांत ज्यूंच्या लहान वसाहती तुर्की सुलतानाच्या अमलाखाली अरबांच्या शेजारी नांदत होत्या. हे नांदणे बरोबरीचे नव्हते आणि कटकटींपासून मुक्तही नव्हते. पण एकाच भूमीवर दोन राष्ट्रांनी हक्क सांगावा, असा तंटा तेथे नव्हता. तो तंटा साधारणपणे १८५८ ते १९४८ या नव्वद वर्षांत निर्माण झाला. त्याचे मूळ शोधायचे तर धर्मग्रंथांइतकेच जमिनीचे दप्तर आणि लंडनच्या कचेऱ्यांतील पत्रव्यवहार चाळला पाहिजे.

युरोपचा रोग

ज्यूद्वेष हा मुख्यत: युरोपचा रोग होता. १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि तिचे निमित्त होऊन ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. पुढच्याच वर्षापासून रशियातील काही ज्यू कुटुंबे पॅलेस्टाईनमध्ये येऊन शेती करू लागली. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा आळ घेण्यात आला. समतेचा उद्घोष करणाऱ्या देशातही ज्यूला न्याय मिळत नाही, असा या प्रकरणाचा अर्थ अनेकांनी लावला. थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची कल्पना मांडली आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरविली.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखलेला हा समाज शतकानुशतके मराठी बोलत राहिला आणि धर्मासाठी त्याचा छळ झाला नाही. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले ते अत्याचाराला भिऊन नव्हेत. युरोपातील ज्यूंना मात्र निवड करण्याइतकी मोकळीक नव्हती. म्हणूनच झायोनिस्ट चळवळीला नुसती साम्राज्यशाहीची लेकरू म्हणून चालणार नाही. कोणत्याही मातृदेशाने पाठविलेले हे वसाहतवाले नव्हते. तो निर्वासितांचा समाज होता. पण त्याला आसरा मिळाला तो साम्राज्याच्या छत्राखाली, आणि जेथे मिळाला ती भूमी रिकामी नव्हती.

मालक बदलला, कूळ उठले

या भूमीवरील शेतकऱ्याचे नशीब इंग्रज येण्यापूर्वीच फिरू लागले होते. १८५८ मध्ये तुर्की सरकारने नवा जमीन कायदा केला. तोवर अनेक गावांत ‘मुशा’ पद्धत होती. जमीन गावाची, आणि ठराविक काळाने तिची कुटुंबांत फेरवाटणी होई. नव्या कायद्याने जमीन व्यक्तीच्या नावे नोंदवण्यास सांगितले. नाव दप्तरात गेले की कर येईल आणि पाठोपाठ मुलाला सैन्यात ओढतील, या धास्तीने असंख्य शेतकऱ्यांनी नोंद टाळली किंवा एखाद्या प्रतिष्ठिताच्या नावे करू दिली. सरकारनेही पैशाच्या निकडीपोटी मोठाले मुलूख व्यापाऱ्यांना विकले. मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्यातील फार मोठे क्षेत्र अशा रीतीने बैरूतच्या सुरसुक या सावकार घराण्याकडे गेले. जमीन कसणाऱ्याला याचे सोयरसुतक नव्हते. तो नांगरत होता, वाटा देत होता. आपण मालकाचे कूळ झालो आहोत, हे त्याला जाणवण्याचे कारणच पडले नाही.

ते जाणवले जमीन पुन्हा विकली गेली तेव्हा. जमीनदारीच्या नेहमीच्या व्यवहारात मालक बदलतो, कूळ बदलत नाही. कारण नव्या मालकालाही खंडच हवा असतो. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीला मात्र खंड नको होता, जमीन हवी होती. निधीने घेतलेली जमीन ज्यू जनतेची कायमची मालमत्ता; ती पुन्हा विकायची नाही आणि तिच्यावर ज्यूंनीच राबायचे, असा दंडक होता. आधीच्या ज्यू वसाहतींत अरब मजूर सर्रास कामाला असत. १९०४ नंतर आलेल्या समाजवादी विचारांच्या तरुणांनी ‘ज्यू जमिनीवर ज्यूंचे श्रम’ हे तत्त्व पुढे आणले. दुसऱ्याच्या घामावर जगायचे नाही, ही त्यामागील प्रेरणा उदात्त होती. परिणाम मात्र असा झाला की अरब शेतकऱ्याची कूळ म्हणून जागा गेली आणि मजूर म्हणूनही उरली नाही. सुरसुकांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत त्या खोऱ्यातील गावेच्या गावे विकली. व्यवहार कायदेशीर होता, किंमत चोख मोजली गेली होती. पण ती बैरूतला पोचली, नांगरधाऱ्याला नव्हे. अरब राष्ट्रवादाच्या व्यासपीठावर मिरवणाऱ्या काही घराण्यांनीही आपल्या जमिनी गुपचूप विकल्या, हेही नमूद केले पाहिजे.

एक भूमी, तीन वचने

पहिल्या महायुद्धात या मुलखावर ब्रिटिश मुत्सद्देगिरीची छाया पडली. १९१५-१६ मध्ये ईजिप्तमधील ब्रिटिश हायकमिशनर मॅकमहोन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांच्याशी पत्रव्यवहार करून, तुर्कांविरुद्ध उठाव केल्यास अरबांच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याचे वचन दिले. त्यातून वगळलेल्या प्रदेशाचे वर्णन इतके संदिग्ध होते की पॅलेस्टाईन आत की बाहेर, यावर पुढे अनेक वर्षे वाद माजला. मे १९१६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सायक्स-पिको करार करून तोच प्रदेश आपसांत वाटून घेतला. त्यात पॅलेस्टाईनच्या मोठ्या भागावर आंतरराष्ट्रीय कारभार ठरला होता. २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र लिहून पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय निवासस्थाना’ला पाठिंबा जाहीर केला. त्या वेळी तेथे दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे अरब होती. पत्रात ‘अरब’ हा शब्द नाही. आहे तो ‘ज्यूंव्यतिरिक्त विद्यमान समाज’ असा उल्लेख आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध न येऊ देण्याचे आश्वासन. राजकीय हक्कांचा त्यात मागमूस नाही.

या पत्राला मंत्रिमंडळात कडवा विरोध केला तो भारतमंत्री माँटेग्यू यांनी. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याकडे परिचित असलेले हे गृहस्थ त्या मंत्रिमंडळातील एकमेव ज्यू होते. ज्यूंना वेगळे राष्ट्र ठरविले की ज्या ज्या देशात ते राहतात तेथे ते परके ठरतील, असा त्यांचा इशारा होता. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी तर तेथे राहणाऱ्या अरबांचे काय करणार, असा रोकडा प्रश्न विचारला. त्याला उत्तर मिळाले नाही. १९१९ मधील एका टिपणात बाल्फोर यांनीच कबुली दिली की त्या देशाच्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा, नुसता औपचारिक देखावा करण्याचाही, सरकारचा मानस नाही.

डिसेंबर १९१७ मध्ये जनरल ॲलनबी यांनी जेरुसलेममध्ये प्रवेश केला. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाने हैफा घेतले. परतंत्र देशाच्या सैनिकांनी दुसरा देश जिंकून साम्राज्याच्या हवाली केला. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने या कब्जावर विश्वस्तपणाची, म्हणजे ‘मँडेट’ची, मोहोर उठविली. बाल्फोर यांचे वचन मँडेटच्या कलमांतच समाविष्ट झाले.

दोन अर्थव्यवस्था, एक सरकार

१९२२ च्या शिरगणतीत साडेसात लाख लोकवस्तीपैकी ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे शेकडा ११ होते. १९३१ मध्ये ते पावणेदोन लाखांच्या आसपास, शेकडा १७ झाले. संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की दोन समाजांचा संसार वेगळा होत गेला. ज्यूंची स्वतंत्र कामगार संघटना, शाळा, रुग्णालये, बाहेरून येणारे भांडवल आणि मँडेटनेच मान्य केलेली प्रातिनिधिक संस्था होती. अरबांना तशी संस्था नव्हती. जी होती ती धार्मिक स्वरूपाची, आणि तिचे नेतृत्व सरकारच्याच कृपेने हाज अमीन अल्-हुसेनी यांच्याकडे आले. राजकारणाला धर्माचे वळण लावण्याचा हा धडा भारतीय वाचकाला नवा वाटणार नाही. १९३० च्या सरकारी चौकशीत खेड्यांतील अरब कुटुंबाचे सरासरी कर्ज २७ पौंड, व्याजाचा दर शेकडा ३० आणि वर्षाचे उत्पन्न जवळजवळ कर्जाइतकेच असल्याचे आढळले.

ऑगस्ट १९२९ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून दंगल पेटली. १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. हेब्रॉन येथे सदुसष्ट ज्यूंची कत्तल झाली, आणि तेथेच अनेक ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचविले. चौकशीसाठी आलेले सर जॉन होप सिम्प्सन हे हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत मुरलेले अधिकारी होते. शेतसारा आणि कुळे यांचे गणित त्यांना ठाऊक होते. १९३० च्या अहवालात त्यांनी खेड्यांतील शेकडा २९ अरब कुटुंबे भूमिहीन असल्याचे म्हटले आणि निधीकडे गेलेली जमीन अरबाला कसायला वा राबायला कायमची बंद होते, याकडे बोट दाखविले. त्यांच्या आकड्यांवर वाद झाला. पुढे सरकारने जमीनविक्रीमुळे उठलेल्यांची नोंद घेतली, तेव्हा तीन हजारांहून अधिक अर्जांपैकी अवघे ६६४ मान्य झाले. पण ज्याला दुसरीकडे जमीन मिळाली, जो मजुरीच करीत होता, जो गुरे चारत होता, तो त्या व्याख्येत बसतच नव्हता. व्याख्या आखूड केली की दु:खाचा आकडा आपोआप लहान होतो. त्याच वर्षी सरकारने खरेदी आणि आगमन यांवर निर्बंध सुचविणारी श्वेतपत्रिका काढली, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी पत्र लिहून ती जवळजवळ मागे घेतली. कागदावर न्याय द्यायचा आणि दुसऱ्या कागदाने तो काढून घ्यायचा, हा या राजवटीचा शिरस्ताच होता.

फाळणीचा उतारा

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने आपली दारे आधीच बरीचशी लावून घेतली होती. एकट्या १९३५ मध्ये ६० हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाईनमध्ये आले. एप्रिल १९३६ मध्ये अरबांनी सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप पुकारला आणि त्याचे सशस्त्र बंडात रूपांतर झाले. ते मोडण्यासाठी कलकत्त्यात क्रांतिकारकांच्या मागे लागलेले पोलीस अधिकारी सर चार्ल्स टेगार्ट यांना बोलावण्यात आले. त्यांनी उभारलेल्या पोलिसी गढ्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १९३९ पर्यंत हजारो अरब मारले गेले आणि त्यांचे नेतृत्व परागंदा झाले.

१९३७ मध्ये पील आयोगाने देशाची फाळणी सुचविली. ती अव्यवहार्य असल्याचा निर्वाळा पुढच्याच वर्षी दुसऱ्या आयोगाने दिला. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंनाच येऊ द्यावे, असे ठरविले. अरबांना शांत करण्याची ही घाई झाली ती नेमकी युरोपातील ज्यूंना पळण्याची गरज सर्वांत अधिक असताना. साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर या मर्यादेला कोणताच नैतिक आधार उरला नाही. आणि त्या संहारात काडीचाही वाटा नसलेल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याने त्याची भरपाई का करावी, या प्रश्नालाही कोणी उत्तर दिले नाही.

फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने हात वर करून हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपविला. २९ नोव्हेंबर रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव झाला. ज्यूंकडे तेव्हा एकूण जमिनीपैकी शेकडा ७ च्या आसपास मालकी होती आणि लोकसंख्येत त्यांचे प्रमाण एकतृतीयांश होते. ठरावाने त्यांच्या राज्याला सुमारे शेकडा ५५ भूमी दिली. अरबांनी ठराव नाकारला आणि युद्ध जुंपले. १४ मे १९४८ रोजी इस्राएलची घोषणा झाली, अरब देशांची सैन्ये आत शिरली, आणि सारे शमले तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले होते. पुढील वर्षांत अरब देशांतील लाखो ज्यूंनाही आपली पिढीजात घरे सोडावी लागली.

फाळणीच्या विरोधात मत देणाऱ्यांत भारत होता. राष्ट्रसंघाच्या चौकशी समितीत भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी दोन राज्यांऐवजी एका संघराज्याची योजना मांडली होती. ती तग धरू शकली असती काय, हे सांगणे कठीण आहे. विश्वास आधीच आटला होता. परंतु अवघ्या तीन महिन्यांपूर्वी स्वत:च्या फाळणीचे रक्त पाहिलेल्या देशाला एवढे कळत होते की रेघ ओढणारा निघून जातो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसे उरतात.

आज त्या भूमीत दोन्ही समाजांच्या अनेक पिढ्या जन्मल्या आहेत आणि दोघांनाही जाण्यासाठी दुसरे घर नाही. मागील अन्यायांची यादी वाचून आजची हत्या क्षम्य ठरत नाही, मग ती किबुत्झमधील असो वा गाझातील छावणीतील. पण हा तंटा दैवाने लिहिलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. जो कायद्यांनी, खरेदीखतांनी आणि परस्परविरोधी वचनांनी घडविला गेला, तो सोडवायलाही कायदा, जमीन आणि समान राजकीय हक्क यांचीच भाषा लागेल. १९१७ च्या पत्रात जे दोन शब्द गाळले गेले, ते राजकीय हक्क दोन्ही समाजांना सारखेच मिळाल्यावाचून त्या भूमीतील कोणताही तह टिकणार नाही.