स्टिअरिंग जड झाले? पंप बदलण्याआधी दाब तपासा

- प्रतिनिधी

गाडी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग जड लागू लागले, की जुन्या गाडीचा मालक धास्तावतो. गॅरेजमध्ये बहुधा 'पंप गेला' असे निदान होते आणि तो बदललाही जातो. त्यानंतरही स्टिअरिंग जडच राहिले, तर दोष पंपाचा नव्हता, हे पैसे गेल्यावर कळते. हा भुर्दंड टाळण्याचा मार्ग म्हणजे पॉवर स्टिअरिंगमधील ऑइलच्या दाबाची चाचणी.

क्वालिस, सुमो यांसारख्या जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइलवर दाब निर्माण करतो. हे ऑइल नळीवाटे स्टिअरिंग बॉक्समध्ये जाऊन चाके वळविण्यास मदत करते. अलीकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत हे काम विजेची मोटर करते. त्यांना ही चाचणी लागू नाही.

चाचणीपूर्वी टायरमधील हवा, ऑइलची पातळी आणि बेल्टचा ताण पाहावा. अनेकदा दोष येथेच सापडतो. ऑइलला फेस येत असेल, तर त्यात हवा शिरली आहे, असे समजावे.

त्यानंतर पंपाकडून निघणाऱ्या दाबाच्या नळीत प्रेशर गेज व बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडतात. गेज पंपाच्या बाजूला, तर व्हॉल्व्ह बॉक्सच्या बाजूला असतो. आत शिरलेली हवा काढून, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून ऑइल गरम केले जाते. व्हॉल्व्ह उघडा आणि चाके सरळ असताना दाब कमी, साधारणतः १० बारच्या आत असतो. तो फार अधिक असल्यास नळीत कोठेतरी अडथळा असू शकतो.

आता व्हॉल्व्ह जास्तीत जास्त पाच सेकंद बंद करून दाब नोंदवितात. अनेक मोटारींत तो ७० ते १०० बारच्या दरम्यान असतो. मात्र संबंधित गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा. दाब त्याहून कमी भरला, तर दोष पंपाचा किंवा त्यातील रिलीफ व्हॉल्व्हचा.

दाब योग्य असल्यास व्हॉल्व्ह उघडून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवावे. येथेही पाच सेकंदांची मर्यादा पाळावी. दाब आधीइतकाच आला, तर बॉक्स ठीक आहे. कमी आला, तर बॉक्समध्ये आतल्या आत गळती आहे. दोन्ही आकडे बरोबर असूनही स्टिअरिंग जड असेल, तर बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे तपासावेत.

हे काम घरी करण्याचे नाही. ऑइल तापलेले असते, आणि दाबाखालील बारीक धार त्वचेत शिरून गंभीर इजा करू शकते. त्यामुळे गळती कधीही हाताने चाचपू नये.

मालकाने करायचे ते एवढेच : पंप बदलण्यास संमती देण्याआधी मेकॅनिककडे दोन आकडे मागावेत. व्हॉल्व्ह बंद असताना दाब किती आणि स्टिअरिंग टोकाला असताना किती? दोष पंपाचा की बॉक्सचा, हे त्यावरूनच ठरते.