विहीर आटण्याआधी

ज्या घरात कधी दुबईचा पाहुणा आला नाही, असे मध्यमवर्गीय मराठी घर आज पुण्या-मुंबईत शोधूनच काढावे लागेल. खजुराचा डबा, अत्तराची कुपी आणि ढगांत डोके खुपसलेल्या इमारतींची छायाचित्रे, एवढ्यावर आपली दुबईची ओळख बहुधा संपते. ‘तेलाचा पैसा, दुसरे काय!’ असे म्हणून आपण खजुराची बी टाकतो आणि तिच्याबरोबर विषयही टाकून देतो. पण वाचकहो, ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या कामाचा आहे.

मी मराठी शिकवते. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयाच्या वाटेला जावे लागले, त्याला कारण माझे माहेर. ते का, हे पुढे ओघाने येईलच.

दुबईचे पहिले वैभव तेलाचे नव्हते, मोत्यांचे होते. आखातातले मोती विक्रीसाठी मुंबईच्या बाजारात येत. पुढे जपानने शिंपल्यांची शेती करून मोती पिकवले आणि 1930 च्या सुमारास हा धंदा कोसळला. एकाच मालावर पोसलेले गाव एका फटक्यात कसे बसते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. शेख रशीद बिन सईद यांनी कारभार हाती घेतला तेव्हा तेल सापडलेले नव्हते. व्यवहारात तर आपला रुपयाच चाले. तरी त्यांनी कर्ज काढून खाडीतला गाळ उपसला आणि जहाजांना वाट करून दिली. तेल सापडले 1966 साली, आणि तेही शेजारच्या अबुधाबीच्या मानाने थोडकेच. म्हणूनच की काय, ते आटेल याचा विचार पहिल्या दिवसापासून झाला. तेलाच्या पैशातून 1972 मध्ये एक बंदर झाले आणि 1979 मध्ये जेबेल अलीच्या ओसाड किनाऱ्यावर दुसरे, त्याहून प्रचंड. याला वेड म्हणणारेही तेव्हा होते.

खरी मेख मात्र 1985 सालची आहे. त्या वर्षी या बंदराला लागून मुक्त व्यापारक्षेत्र काढले गेले. एरवी तिकडे परदेशी माणसाला धंद्यात स्थानिक भागीदार घ्यावा लागे, आणि निम्म्याहून जास्त हिस्सा त्या भागीदाराचा. या क्षेत्रात ती अट नाही. धंदा पूर्ण तुमचा. माल जकातीवाचून आणा, जोडा, बांधा, बाहेर धाडा. मग दुबईला काय मिळाले? जागेचे भाडे, बंदराचे शुल्क, आणि शहराला कायमची वर्दळ. म्हणजे घरमालकाने बिऱ्हाडकरूंना सगळ्या सोयी दिल्या, पण घर विकले नाही! आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा शेकडा 2 सुद्धा नाही. बंदर चालवण्याची विद्या मात्र अशी अंगी मुरली की 2006 मध्ये तिथल्या कंपनीने एक जुनी ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर आपल्या न्हावाशेव्याचा एक धक्काही तिच्याकडे आला.

हे सारे सोन्याचेच आहे, असे मात्र नव्हे. 2009 साली तिथल्या एका सरकारी कंपनीला कर्जफेडीसाठी मुदत मागावी लागली, तेव्हा अबुधाबीचे 10 अब्ज डॉलर मदतीला आले, आणि ते तेलाच्याच जोरावर. शिवाय ज्या मजुरांनी ते मनोरे उभारले, त्यांतले बहुतेक परक्या देशांतले. काम संपले की त्यांना परतावेच लागते. भाडे घरात येते, पण हात आपले नसतात.

आता माझे माहेर. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की यवतच्या पुढे भांडगाव लागते. आमच्या दौंड तालुक्यात तेल नाही. आमचे तेल म्हणजे पाणी. खडकवासल्याचा कालवा आला, ऊस आला, आणि उसाबरोबर पक्की घरे आली. आता त्याच पाण्यावर वाढत्या पुण्याचाही हक्क सांगितला जातो. एकीकडे तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने, शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला परदेशी कंपन्यांचे मोटारी आणि शीतकपाटे बनवणारे कारखाने. महामार्गालगतच्या रानाला भाव आला नसता तरच नवल!

धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, उसाचं काही खरं नाही. गिऱ्हाईक दारात आलंय. भाव आज आहे, उद्या असेलच असं नाही.” वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर माझेही नाव आहे, तेव्हा विक्रीच्या कागदावर माझीही सही हवी. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण विकलेल्या रानावर कारखाना उभा राहतो आणि त्याच रानाचा मालक पुढे त्याच फाटकावर पहारेकरी होतो, हेही आम्ही दोघांनी पाहिलेले आहे.

मी त्याला दुबई सांगितली नाही. याच रस्त्यावरचे हडपसर सांगितले. तिथे मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांवर जमीन एकत्र केली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत हिस्सा ठरवला आणि 2000 च्या सुमारास स्वतःच नगर वसवायला घेतले. पुण्याला लागून असण्याचा लाभ त्यांना होता, हे खरे. एकट्या दुकट्याला ते साधणारे नव्हे. पण रान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, निदान रस्त्याकडचा तुकडा राखणे, हे साधण्यासारखे आहे. औद्योगिक महामंडळसुद्धा कारखान्यांना भूखंड पट्ट्यानेच देते, मग मालकी सोडण्याची घाई आपल्यालाच का? आमचे बोलणे अजून चालू आहे. भाच्याला मात्र यंत्रदुरुस्तीच्या शिक्षणाला घातले आहे, त्यावर दोघांचे एकमत झाले.

शहरात राहणाऱ्या आपल्यांपैकी कितीकांची नावे अशी गावच्या उताऱ्यावर असतील. दिवाळीला भाऊबंद जमले की हा विषय निघतोच. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : आलेला पैसा कोणत्या नव्या कमाईत जाणार, आणि घरातल्या पोराच्या हाताला त्यातून कोणती विद्या येणार? उत्तर केवळ मोटार आणि लग्न असे आले, तर लेखणी थोडे दिवस टोपणातच असू द्यावी.