मुलाबरोबर कोण राहणार?

दारू प्यालेला माणूस ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. गर्द, म्हणजेच ब्राउन शुगर, तशी नाही. तोंडाला वास नाही, आरडाओरडा नाही. मुलगा नुसता पेंगतो, वाळत जातो, घरातल्या वस्तू नाहीशा होतात. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या आपण सर्वांनी ही खूण लक्षात ठेवावी.

आपल्या जिल्ह्यात या उपचाराची वाट जुनी आहे. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली. मग डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले.

आईबापांचा पहिला प्रश्न असतो, "पोलीस धरतील का?" स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात येऊन उपचार पुरे करणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या खटल्यापासून कायद्याने संरक्षण आहे. उलट मुलाला गर्द देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

नशा थांबल्यावर आठ-बारा तासांत 'टर्की' सुरू होते. नाक-डोळे वाहतात, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण. याला कोणी बाहेरची बाधा समजून मुलाला कोंडून ठेवू नये. डॉक्टरांच्या औषधांनी हा त्रास पुष्कळ कमी होतो. प्रार्थना जरूर करावी, गोळी मात्र चुकवू नये.

खरी अडचण पुढे येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती भरतीच्या सबंध काळात त्याच्याजवळ राहावी लागते. नियम योग्यच आहे. पण ज्यांनी ऊसतोडीची उचल घेतली आहे, त्यांचा कोयता थांबला की मुकादम दारात उभा! मुलगा तयार असतो, आईला सुट्टी नसते. पालकांनी लिहून नेमले तर मामा, चुलता किंवा मंडळीतला विश्वासू माणूसही राहू शकतो. आपल्यापैकी कोणी राहू शकेल का? नाहीतर त्या दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे भरता येईल का?

घरी परतल्यावरचे आठवडे फार नाजूक. शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणून मुलगा पुन्हा घसरला तरी त्याला हाकलू नका, लगेच केंद्रात कळवा. सरकारी मोफत मदतवाहिनी: १४४४६.