दहापैकी सात म्हणजे नेमके किती?

टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक ही संस्था खारघरला आहे. भारतात विकसित झालेली कार-टी पेशी उपचारपद्धती जून 2021 मध्ये तिथे पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत, आधीच्या उपचारांना दाद मिळाली नाही किंवा आजार उलटला, तर तो दिला जातो. चाचण्यांमध्ये ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला अशा 51 रुग्णांपैकी 37 जणांना गुण आला, म्हणजे सुमारे 73 टक्के. (गुण येणं म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.)

हा आकडा ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात येतं की पुढच्या दहा रुग्णांपैकी सात बरोबर सुधारणार. बारावीच्या गणितात शिकवलं जाणारं द्विपद वितरण, म्हणजेच बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन, इथेच कामाला येतं. प्रत्येक रुग्णाला गुण येण्याची शक्यता 0.73 धरू. दहापैकी कोणते सात, हे 120 प्रकारांनी ठरू शकतं. यातल्या एका ठरावीक प्रकाराची शक्यता म्हणजे 0.73 चा सातवा घात गुणिले 0.27 चा तिसरा घात. तिला 120 ने गुणलं की उत्तर येतं सुमारे 0.26. म्हणजे नेमके सात जण सुधारण्याची शक्यता चारात एक, त्याहून किंचित जास्त. आठ जणांची शक्यताही जवळपास तेवढीच, उलट केसभर अधिक. आणि पाच किंवा त्याहून कमी जणांनाच गुण येण्याची शक्यता दहा टक्के आहे. एखाद्या वॉर्डात दहापैकी पाचच सुधारले, तर उपचार फसवा ठरत नाही. नऊ सुधारले म्हणून तो चमत्कारही होत नाही.

"गुण येईल किंवा येणार नाही, दोनच गोष्टी, म्हणजे पन्नास-पन्नास टक्के." हे तर सर्रास ऐकू येतं. निकाल दोनच असले म्हणजे ते समान शक्यतेचे असतात, असं अजिबात नाही. 0.73 आणि 0.27 हेही दोनच निकाल आहेत.

दुसरा गैरसमज खारघरकरांच्या जास्त ओळखीचा आहे. सेक्टर 36 मधल्या स्वप्नपूर्तीसारखी सिडकोची घरं सोडतीने मिळतात. समजा, दर सोडतीत एखाद्या अर्जदाराचा नंबर लागण्याची शक्यता दहात एक आहे. दहा वेळा अर्ज केला म्हणजे घर पक्कं, असं वाटतं. पण दहाही वेळा नंबर न लागण्याची शक्यता म्हणजे 0.9 चा दहावा घात, सुमारे 35 टक्के. शिवाय नऊ वेळा हुकल्यावर "आता आपली पाळी" असंही काही नसतं. प्रत्येक सोडत स्वतंत्र असेल, तर दहाव्या वेळीही शक्यता दहात एकच.

इथे मात्र एक बारकावा आहे. एकाच सोडतीत निघालेलं नाव पुन्हा पेटीत जात नाही, त्यामुळे पुढच्या नावाची शक्यता थोडी बदलते. काटेकोरपणे ते द्विपद वितरण नव्हेच. अर्ज हजारोंनी आणि घरं त्यामानाने थोडी असतील, तर फरक नगण्य राहतो, म्हणून ते वापरलेलं चालतं. सूत्र पाठ करणारे विद्यार्थी नेमका हाच भाग गाळतात, आणि माझ्या मते खरं शिकण्यासारखं तेच आहे: प्रयत्नांची संख्या आधी ठरलेली हवी, निकाल दोनच हवेत, प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र हवेत आणि शक्यता दर वेळी तीच हवी.

शेवटची अट कार-टीच्या आकड्यालाही लागू होते. ल्युकेमिया आणि लिम्फोमा हे वेगळे आजार. वय, आजाराची अवस्था वेगळी. सगळ्यांना एकच 0.73 लावणं ही सोय आहे. त्यात रुग्ण 51च. ढोबळ सूत्राने खरी टक्केवारी साधारण 60 ते 85 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. रुग्ण दहापट असते, तर हाच पट्टा 73 च्या दोन्ही बाजूंना चारेक टक्क्यांवर आला असता.

म्हणून घरातल्या कुणाच्या उपचाराबद्दल टक्केवारी कानावर आली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: हा आकडा किती रुग्णांवरून काढला आहे, आणि त्यांतले किती जण आमच्या रुग्णासारखे होते?