शेंदराखालचे शिपाई

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांत वेशीपाशी, मारुतीच्या पारावर किंवा ओढ्याच्या काठाला काळे उभे दगड दिसतात. निम्मे मातीत रुतलेले, निम्मे शेंदरात बुडालेले. कुठे त्याचा म्हसोबा झालेला असतो, कुठे अवसेला नारळ फुटतो, तर कुठे कुणी त्याला टेकून सायकल लावलेली असते. हे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांची स्मारके. त्यातले बरेच चालुक्य-यादवांच्या काळातले.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. वरच्या चौकटीत लढाई: एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार, समोर दोघे-तिघे. बऱ्याच दगडांवर इथेच एका कोपऱ्यात गाई असतात, एकीमागे एक, शिंगे नीट कोरलेली. त्यावर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला, वर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहील म्हणून. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल, तर ती सतीशिळा. त्या हातामागच्या बाईबद्दल दगड याहून अधिक काही बोलत नाही.

मला या सगळ्यात गाईंची ओळ महत्त्वाची वाटते. सरहद्द म्हटले की आपल्याला राजे आठवतात, आणि सोलापूरच्या वाट्याला ते भरपूर आले. कल्याणीचे चालुक्य, मंगळवेढ्याचे कलचुरी, देवगिरीचे यादव. पुढे 1524 मध्ये आदिलशाही घराण्यातली मुलगी बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात कबूल झाला. तो शब्द पाळला गेला नाही, आणि पुढची कित्येक वर्षे दोन्ही शाह्या या किल्ल्यापायी भांडत राहिल्या. पण गावातल्या माणसाला सरहद्द भेटली ती रात्री गोठ्यावर पडलेल्या धाडीत. जनावरे वळवून न्यायला आलेल्यांच्या आडवा जो गेला आणि मेला, त्याचा दगड गावाने उभा केला. त्याच्या राजाशी गावाला फारसे देणेघेणे नसावे.

गंमत म्हणजे दगडांतही सरहद्द दिसते. कन्नड मुलखातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो: राजा कोण, साल कोणते, मेला कोण. महाराष्ट्राकडे येता येता दगड मुके होतात. सोलापूर नेमके मध्ये. इथले जुने शिलालेख बहुतेक कन्नडच, आणि तरी दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे. तो आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ मराठी आहे: हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची. वाचणाऱ्याला असा आशीर्वाद देणारा लेख ज्या भागात आहे, तिथल्या वीरांची मात्र नावे वाचायला मिळत नाहीत.

अभ्यासकांनी या दगडांकडे उशिरा पाहिले. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा इंग्रजी ग्रंथ 1982 मध्ये धारवाडहून निघाला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळही वीरगळात असावे, असा तर्क शं. गो. तुळपुळे यांनी मांडला होता. रा. चिं. ढेरे यांनी मात्र ते गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेऊन पोचवले. वाद मिटवायची मला घाई नाही. दोन्ही वाटा गुरांच्या कळपातूनच जातात, एवढे दिसते.

इथली सरहद्द जिवंत होती ती अगदी परवापर्यंत. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाकडे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग मांडीत गोळी लागूनही सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब टाकून समोरची मशीनगन गप्प केली आणि तिथेच पडले. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. नाव, पलटण, तारीख, सगळे कागदावर. त्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी पडलेल्यांचे काहीच नाही.

म्हणून या दगडांची जागा जपायला हवी. रस्ता रुंद होताना वीरगळ हलतो, कधी देवळाच्या पायरीत जातो, कधी कुणी भक्तिभावाने ऑइल पेंट फासतो आणि गाईंची शिंगे बुजतात. संग्रहालयात नेला तर दगड वाचतो, पण तो कोणत्या वेशीवर, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता याची नोंद झाली नाही, तर धाड कुठून आली असेल याचा अंदाजही करता येत नाही. नाव आधीच नव्हते. निदान गाव तरी लिहून ठेवता येते. त्याला एक वही, एक मोबाइल आणि शेंदूर काढायची परवानगी देणारा गुरव एवढे पुरते. त्यातली तिसरी गोष्ट मिळवायला सगळ्यात वेळ लागतो.