घरचे बियाणे

जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ काढली आणि संकरित बियाणे शेतोशेती पोहोचले. पीक दणदणीत, अडचण एवढीच, की घरचे बी राखून पेरले तर ते तसेच्या तसे उगवत नाही. दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते.

माझा एक माजी विद्यार्थी हेच गणित संगणकाला लावतो. माळ्यावरचा जुना संगणक उतरवून त्याने घरचा सर्व्हर केला आहे. कुटुंबाची छायाचित्रे, आजीच्या आवाजातल्या ओव्या, मित्रांचा ‘माइनक्राफ्ट’चा डाव, सारे त्याच्या कपाटात!

“सर, भाड्याच्या घरात संसार किती मांडायचा? २०१४ साली ‘ऑर्कुट’ बंद पडले आणि गप्पांचे अड्डेच्या अड्डे उठले. २०२४ च्या मार्चअखेर ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर कंपनीने बंद केले. लोकांनी पैसे मोजून घेतलेला खेळ निकामी झाला!”

“आणि तुझेच यंत्र बिघडले तर?” मी विचारले.

“एक प्रत मामांकडे असते. सगळे बी एकाच कणगीत कोण ठेवतो?”

हा उपद्व्याप सर्वांना झेपणारा नव्हे, हे खरे. विकतच्या बियाण्यानेही अनेकांची घरे भरलीच. पण पिशवी पुढच्या हंगामात पुन्हा मिळते. आजीचा आवाज कोणत्या दुकानात मिळणार? तेवढे बी तरी घरी राखावे.