न मागितलेली पत, न मागितलेले संकट

कर्ज मागायला जाणाऱ्या माणसाला एके काळी सावकाराच्या ओसरीवर ताटकळत बसावे लागे. आज सावकारच कर्जदाराच्या शोधात हिंडतो आहे. शाळेत तास चालू असताना, कचेरीत हिशेबाचा ताळा जुळवत असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसले असताना फोन खणखणतो आणि पलीकडून कोणी गोड आवाजात सांगते की, अमुक बँकेचे क्रेडिट कार्ड आपल्या नावे ‘पूर्वमंजूर’ झाले आहे. ज्याने अर्जच केला नाही त्याला मंजुरी मिळावी, हा आधुनिक पतव्यवहारातला एक चमत्कारच म्हटला पाहिजे! पुष्कळांना ही केवळ कटकट वाटते. ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ असे म्हणत ते फोन बंद करतात आणि विसरून जातात. परंतु हा प्रश्न केवळ कटकटीचा नाही. न मागता येणारे कार्ड आणि नकळत होणारी फसवणूक ही दोन्ही एकाच दाराने घरात शिरतात, आणि ते दार उघडे ठेवण्याची सवय प्रतिष्ठित बँकांच्या विक्रीपद्धतीनेच आपल्याला लावली आहे.

फ्रेस्नोचा धडा

या दोहोंचे नाते जुने आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार क्रेडिट कार्डे टपालाने घरोघर पाठवून दिली. ती कोणी मागितली नव्हती. हा प्रयोग राज्यातील इतर शहरांत पसरला तेव्हा टपालपेट्यांतून कार्डे पळवणाऱ्यांचे आणि दुसऱ्याच्या नावाने खरेदी करणाऱ्यांचे चांगलेच फावले. थकबाकीदार खात्यांचे प्रमाण फार तर ४ टक्के राहील असा बँकेचा अदमास होता. प्रत्यक्षात ते २२ टक्क्यांवर गेले. तरीही इतर बँकांनी हाच मार्ग चोखाळला आणि अखेर १९७० साली अमेरिकी काँग्रेसला न मागितलेली कार्डे पाठवण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. पुढे कार्डांऐवजी ‘पूर्वनिवड’ झाल्याची पत्रे येऊ लागली. तेव्हा ही पत्रे ५ वर्षांपुरती अथवा कायमची नाकारण्याचा हक्कही तेथील कायद्याने नागरिकांना दिला. अनाहूत पत आणि ठकबाजी ही जुळी भावंडे आहेत, हा धडा त्या देशाने बरीच किंमत मोजून घेतला.

आपल्याकडे हे आक्रमण टपालाने न येता मुख्यतः टेलिफोनने आले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये असे फोन नको असलेल्या ग्राहकांची यादी करण्याचे ठरवले, २०१० मध्ये नियम कडक केले आणि २०१८ मध्ये ते नव्याने लिहिले. १९०९ या क्रमांकावर फोन करून अथवा संदेश पाठवून कोणाही ग्राहकाला सर्व व्यापारी संपर्क, किंवा केवळ बँका, विमा आणि क्रेडिट कार्डे यांविषयीचा संपर्क, बंद करता येतो. या मोफत सोयीचा लाभ फार थोडे लोक घेतात. आणि जे घेतात तेही ‘एवढे करूनही फोन येतातच’ अशी तक्रार करतात. याचे एक कारण आपल्याच सहीत दडलेले असते. प्रदर्शनातील सोडतीची चिठ्ठी, दुकानातील सवलतीचा अर्ज, मोबाईलवरील एखादे ॲप यांच्या बारीक अक्षरांत आपण ‘संपर्कास संमती’ देऊन मोकळे होतो आणि ही संमती १९०९ वरील नकाराला निष्प्रभ करते. तेव्हा नकार दोन ठिकाणी नोंदवावा लागतो: एक १९०९ वर आणि दुसरा, जिला संमती दिली गेली त्या संस्थेकडे, लेखी.

प्रत्यक्ष कार्डाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेचा नियम निःसंदिग्ध आहे. २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून कार्ड देण्यास मनाई आहे. तसे कार्ड देऊन, ते चालू करून त्याचे बिल पाठवले, तर बँकेने ती आकारणी मागे घ्यावयाची आणि शिवाय तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावयाची, अशी तरतूद आहे. तक्रारीचे ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. कार्डासाठी फोन करणाऱ्यांना सकाळी १० ते संध्याकाळी ७ याच वेळेचे बंधन आहे. हे नियम ज्यांच्या रक्षणासाठी केले, त्या शिक्षक-कारकुनांपैकी कितीजणांना ते ठाऊक आहेत? हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावणारा माणूसही असावा लागतो.

चोरावर मोर

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. बँकेच्या वतीने बोलणारा विक्रेता फोनवर काय करतो? आपले नाव घेतो, जन्मतारीख विचारतो, पॅन क्रमांकाचा पडताळा मागतो, घाई करतो आणि शेवटी मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा म्हणतो. ठग काय करतो? अगदी हेच! बँका जाहिरातींतून ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा उपदेश करतात आणि त्यांच्यासाठी काम करणारा दलाल रस्त्याकडेला मांडलेल्या टेबलापाशी कार्डाचा अर्ज भरताना तोच ओटीपी मोठ्याने विचारतो. ग्राहकाने आपली ओळख पटवावी म्हणून फोन करणारा हक्काने प्रश्न विचारतो. स्वतःची ओळख पटवण्याचे कोणतेही साधन मात्र तो ग्राहकाला देत नाही. अनोळखी आवाजाला उत्तरे देण्याची जी शिकवण अशा रीतीने वर्षानुवर्षे मिळाली, तिचेच पीक आज ठग कापीत आहेत.

त्यांची सोंगे अनेक असली तरी गाभा एकच असतो. ‘आपल्या कार्डाची मर्यादा वाढवायची आहे’, ‘जमलेले गुण आज रात्री संपतील’, ‘केवायसी अपुरी असल्याने कार्ड बंद होईल’, ‘कार्ड मंजूर आहे, फक्त प्रक्रियाशुल्क आगाऊ भरा’ या सर्व वाक्यांत लोभ किंवा भीती असते आणि दोहोंच्या पाठीशी घाई असते. विचार करायला वेळ मिळाला तर माणूस फसणार नाही, हे ठगाला पुरते ठाऊक असते. पुढची पायरी म्हणजे एखादी फाईल मोबाईलवर बसवायला सांगणे किंवा पडदा दूरवरून दिसेल असे ॲप घ्यायला लावणे. एकदा ते झाले की ओटीपी सांगण्याचीही गरज उरत नाही. तो पलीकडे आपोआप दिसतो.

ओळखण्याच्या काही खुणा आता उपलब्ध झाल्या आहेत. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाईलवरून बोलणारा ‘बँक अधिकारी’ संशयास्पदच मानावा. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिला. परंतु सर्वांत भरवशाची खूण अगदी साधी आहे. फोन बंद करावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. खरा अधिकारी याला हरकत घेणार नाही. जो घेईल तो खरा नव्हे. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवावे. आपल्या नावावर कोणी परस्पर कार्ड काढले आहे काय, हे पाहण्यासाठी पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल मागवावा.

लाज कोणाला वाटावी?

इतके करूनही फसगत झालीच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता असते. लगोलग बँकेला कळवून कार्डही बंद करावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आखलेल्या चौकटीत ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार करण्याला फार महत्त्व दिले आहे आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी बसते. म्हणून कळवण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. आणि नेमके हेच तास आपला पांढरपेशा माणूस लाजेपायी गमावतो. विद्यार्थ्यांना हिशेब शिकवणारे गुरुजी, आयुष्यभर दुसऱ्यांची बिले तपासणारा कारकून यांना ‘मी फसलो’ हे घरातही सांगवत नाही. प्रॉव्हिडंट फंडाची पुंजी गेल्याच्या दुःखाहून लोक हसतील याचे भय मोठे ठरते. वास्तविक ज्याला लुटले गेले त्याने लाजण्याचे कारण काय? लाज वाटावी ती लुटणाऱ्याला, आणि थोडीफार त्या व्यवस्थेलाही, जिने त्याचे काम सोपे करून ठेवले.

यासाठी ग्राहकाला सावधगिरीचे पाठ देऊन थांबणे पुरेसे नाही. कार्ड विकणाऱ्या दलालाने तोंडी ओटीपी मागण्याची प्रथा बँकांनी पूर्णपणे बंद केली पाहिजे. ग्राहक विचारत नाही तोवर पत देऊ करणे, हे बँकेच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, अशी रीत पडली पाहिजे. ती पडेपर्यंत आपल्या हाती जे आहे ते आपण करू शकतो. अनोळखी आवाजाला ‘नको’ म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. सौजन्याचा संस्कार असलेल्या आपल्या घरांत तो शब्द उच्चारायला जड जातो, हे खरे. परंतु न मागितलेल्या पतीपुढे तोच शब्द आपल्या पुंजीचा पहिला राखणदार आहे.